स्पर्धा वजनाची की संगोपनाची?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२२ मध्ये ‘स्वस्थ बालक-बालिका स्पर्धा’ देशभर आयोजित केली. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांची उंची व वजन मोजून त्यांची नोंद ‘पोषण ट्रॅकर’वर करावी आणि निरोगी ठरणाऱ्या बालकांचा गौरव व्हावा, अशी ही योजना होती. केवळ कुपोषितांची गणती न करता सुदृढ बालकांकडेही लक्ष जावे आणि पालकांमध्ये निकोप चुरस निर्माण व्हावी, हा त्यामागील विचार होता.

ही कल्पना नवी नाही. पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१७ मध्ये, ब्रिटनने ‘राष्ट्रीय बालसप्ताह’ साजरा केला. तेथील शिशुकल्याण केंद्रांत मातांच्या संगोपन-कौशल्याच्या स्पर्धा होत असत. १९२० च्या दशकात भारतातील शहरांतही त्याच धर्तीवर बालसप्ताह भरू लागले. गुटगुटीत बाळाला बक्षीस देण्याची रीत तर आपल्या चांगल्याच परिचयाची आहे.

तथापि, काट्यावर बालकाचे वजन कळते, पालकांचे कौशल्य नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती, तर १९.३ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश होती. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी किमान पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण अवघे ११.३ टक्के होते आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. बालकाची उंची मातेच्या गरोदरपणातील पोषणावर, पिण्याच्या पाण्यावर आणि घरातील मिळकतीवरही अवलंबून असते. अशा स्थितीत केवळ उंची-वजनावर दिलेले प्रमाणपत्र बहुधा सुस्थित घरातच जाईल. ज्या मातेने अपुऱ्या शिध्यात मूल जगवले, तिच्या पदरी मात्र सर्वांसमक्ष कमीपणा येईल.

यावर उपाय स्पर्धा बंद करणे हा नव्हे, तर तिचे निकष बदलणे हा आहे. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर वेळेवर सुरू केलेला वरचा आहार, पूर्ण लसीकरण आणि दरमहा न चुकता वजन या गोष्टींना गुण मिळावेत. वाढीच्या तक्त्यावर धोक्याच्या पट्ट्यातून वर आलेल्या बालकाच्या घराला पहिला मान मिळावा. संगोपन ही एकट्या आईची जबाबदारी नसल्याने पित्याचाही सहभाग तपासला जावा.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अंगणवाड्या आज खेडोपाडी पोहोचल्या आहेत. तेथील सेविकेला गावातील प्रत्येक घराची परिस्थिती ठाऊक असते. अचूक वजनकाटा, वेळेवर पोहोचणारा पूरक आहार आणि नोंदींच्या ओझ्यातून थोडी सवड तिला मिळाली, तर कोणत्या घराने खरोखर मजल मारली, हे तीच सर्वांत नेमकेपणाने सांगू शकेल.