पायाखालचा अर्धा इंच
जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या क्लचचे रोगनिदान

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी मोटारी बाहेर पडल्या. तिचे १७९८ सीसीचे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्याच कुळातले, म्हणजे बीएमसीच्या ‘बी’ मालिकेतले. नाते एवढे जवळचे असले, तरी एका बाबतीत ही इंग्लिश बहीण फार हट्टी आहे. तिची गिअरबॉक्स नुसती खालून काढता येत नाही. क्लच प्लेटपर्यंत पोचायचे तर इंजिन वर उचलावे लागते, एकटे किंवा गिअरबॉक्ससकट. म्हणून निदान चुकले तर चार रबरी सीलांच्या कामासाठी सगळे इंजिन बाहेर येते आणि दोष जिथल्या तिथेच राहतो.

‘क्लच गेला’ हे वाक्य गॅरेजात फार सहज उच्चारले जाते. डॉक्टरने ‘पोट बिघडले’ म्हणावे तितकेच ते मोघम आहे. क्लचचे काम दोन प्रकारचे: धरणे आणि सोडणे. धरत नसेल तर रोग एक, सोडत नसेल तर दुसरा. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडू लागले, पण गाडीने वेग घेतला नाही, तर प्लेट घसरते आहे. याउलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडतो, तेव्हा प्लेट सुटत नाही. याची परीक्षा रिव्हर्समध्ये घ्यावी, कारण त्या गिअरला सिंक्रोमेश नसते आणि ते दोष झाकत नाही. इंजिन चालू ठेवून पेडल दाबावे, दहा सेकंद थांबावे, मग रिव्हर्स टाकावा. तेवढ्या वेळात आतली चाके थांबायला हवीत. तरीही खरखर आली, तर प्लेट फ्लायव्हीलला घासत फिरते आहे.

इथे एक पक्का गैरसमज आडवा येतो. पेडल खाली जाऊन लागते, म्हणजे प्लेट झिजली, असे अनेक जण मानतात. तारेने ओढल्या जाणाऱ्या क्लचवर हाताने फट जुळवण्याची सवय झालेल्या माणसाला पेडलची उंची हीच क्लचची नाडी वाटते. एमजीबीचा क्लच मात्र तेलाच्या दाबावर चालतो. पेडलपाशी पाऊण इंच व्यासाचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सच्या कडेला सव्वा इंचाचा स्लेव्ह. क्षेत्रफळांचे गुणोत्तर जवळजवळ पावणेतीन. म्हणजे स्लेव्हवर जोर तितक्या पटीने वाढतो आणि सरक तितक्याच पटीने घटते. प्लेट झिजत गेली की स्लेव्हचा पिस्टन आपोआप थोडा मागे बसतो आणि पेडलची उंची बदलत नाही. तेव्हा पेडल खाली गेले असेल, तर आधी संशय तेलावर आणि सांध्यांवर घ्यावा.

निदानाचा कणा म्हणजे एक साधे मोजमाप. एकाने पेडल तळापर्यंत दाबावे, दुसऱ्याने गाडीखाली पट्टी धरून स्लेव्हची दांडी किती सरकते ते पाहावे. (गाडी जॅकवर सोडून खाली जाऊ नये, स्टँड लावावेत.) दांडी साधारण अर्धा इंच सरकली, तर बाहेरची यंत्रणा ठीक आहे, दोष आत आहे आणि इंजिन उचलण्याला पर्याय नाही. त्याहून बरीच कमी सरकली, तर इंजिनाला हातही लावू नये.

सरक कमी असण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. पेडल दोन-तीनदा झपाझप दाबल्यावर गिअर पडू लागला, तर तेलात हवा आहे. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली उतरत गेले, तर मास्टरचे सील दाब धरत नाही. स्लेव्हचे रबरी टोपण उलटून पाहिले आणि आत ओल दिसली, तर गळती तिथे आहे. हे तेल हवेतली आर्द्रता शोषते, त्यामुळे मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत उभ्या गाडीच्या सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडतात. अशा भिंतीवर नवे सील बसवणे म्हणजे ते किसणीवर घासणे, सिलिंडरच बदलावा. सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार म्हणजे पेडल आणि मास्टरची दांडी जोडणारी पिन. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तिला खाच पडते, पेडलचे भोक लंबगोल होते आणि पायाची पहिली सरक वायाच जाते.

हवा काढण्याचे काम या गाडीत चिकाटी पाहते. नळी वरखाली वळते आणि बुडबुडे वरच्या बाजूला दडून बसतात. तेल खालून, स्लेव्हच्या निपलमधून वर चढवणे मला अधिक पटते, कारण हवेची वाटही वरच आहे. पुढच्या ब्रेकच्या निपलला नळी जोडून ब्रेक पेडलनेच तेल तिकडे ढकलण्याची युक्ती जुने जाणकार वापरतात. तेव्हा दोन्ही टाक्यांवर लक्ष ठेवावे: ब्रेकची रिकामी होऊ नये, क्लचची ओसंडू नये. हे तेल रंग खाते.

क्लच सोडतो, पण पाय उचलल्यावर सावकाश धरतो, असेही घडते. मग रबरी नळी आतून सुजलेली असते. बाहेरून ती नवीकोरी दिसते.

पट्टीने अर्धा इंच दाखवला आणि तरी प्लेट सुटत नाही, तेव्हा मात्र आत पाहावे लागते. कधी क्रँकच्या शेपटीतले पितळी बूश गिअरबॉक्सच्या शाफ्टला धरून ठेवते; कधी महिनोन्‌महिने उभ्या गाडीची प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. प्लेट घसरत असेल, तर ती झिजली आहे का, की तिच्यावर तेल आले आहे, हे पाहावे. क्लचच्या घराच्या तळाशी एक भोक असते, त्यात सैल पिन हलत राहते, म्हणजे भोक बुजत नाही. तिथून तेल टपकत असेल, तर नवी प्लेटही लवकरच घसरेल. आधी गळती थांबवावी. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. तिची धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

इंजिन बाहेर आलेच आहे, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावीत. हे बेअरिंग म्हणजे गोळ्यांचे चक्र नसून ग्रॅफाइटची कडी असते. सिग्नलला पाय पेडलवर ठेवून बसणारा चालक तीच कडी झिजवतो, शिवाय क्रँकलाही पुढे रेटत राहतो. बाजारात रोलर बेअरिंगचे पर्याय मिळतात. पण पाय वेळेवर उचलणाऱ्याला मूळ कडी दीर्घकाळ पुरते आणि तिला आवाजही नसतो. नवी प्लेट बसवताना गिअरबॉक्सच्या शाफ्टसारखी दांडी घालून ती मध्यावर आणावी, बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. इंजिन खाली उतरवताना शाफ्ट प्लेटच्या दातांत सहज शिरला नाही, तर बोल्ट ताणून ते ओढू नये. चौथा गिअर टाकून मागचे चाक थोडे फिरवावे, म्हणजे दात जुळतात.