मण्यार, फवारणी आणि कपाळावरची आठी

२०२५च्या जूनअखेरीस अभिनेत्री शेफाली जरीवाला यांच्या निधनाची बातमी आली आणि वाहिन्यांना तरुण दिसण्याच्या इंजेक्शनांशिवाय दुसरा विषय उरला नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ४ जून ते १४ जुलै या काळात सुरकुत्यांची इंजेक्शनं घेतलेल्या ३८ जणांना बोट्युलिझमची, म्हणजे बोट्युलिनम विषाची, बाधा झाल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेनं जाहीर केलं. संशय विनापरवाना मालावर होता. व्हॉट्सॲपवर दोन्ही बातम्या एकमेकींत मिसळल्या आणि 'बोटॉक्सनं माणसं मरतात' एवढंच शिल्लक राहिलं.

जरीवाला यांच्याबाबत चर्चा झाली ती ग्लुटाथिओनची. इंजेक्शनामुळेच मृत्यू झाला असं सिद्ध झालेलं नाही. ग्लुटाथिओनचा सुरकुत्यांशी तसा संबंधही नाही. ते गोरं होण्यासाठी सलाइनमधून घेतलं जातं आणि त्या कामासाठी आपल्याकडे त्याला मान्यता नाही. म्हणून तो विषय इथेच सोडतो. ब्यूटी पार्लरमधल्या 'हेअर बोटॉक्स'चंही तेच. त्यात बोटॉक्समधलं बोट्युलिनम नावापुरतंही नसतं, केसांना चोपडायचा लेप असतो तो.

खरं बोटॉक्स म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्यात समजावून सांगणं पुण्या-मुंबईपेक्षा सोपं आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या विनोबा भावे रुग्णालयात पावसाळ्यात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही निवासी डॉक्टरला विचारा. कापसाच्या पट्ट्यात दोन तऱ्हेचे रोगी हमखास येतात. एक साप चावलेला, दुसरा फवारणीचं औषध अंगात भिनलेला किंवा ते प्यायलेला. कपाळावरच्या आठीचं इंजेक्शन या दोघांच्या अगदी शेजारी बसतं.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायूला जाऊन भिडतं आणि स्नायू आखडतो. काम झालं की एक विकर त्या रसायनाचे तुकडे करतं. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं या विकरालाच जखडून टाकतात. मग रसायन साचत जातं, स्नायू थरथरतात, तोंडातून लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा हे सगळं महाराष्ट्रानं पेपरात वाचलं.

मण्यारीचं विष नेमकं उलट करतं. ते तंतूच्या टोकावरच घाला घालतं आणि रसायन सुटणंच बंद पडतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंशाची खूणही धड दिसत नाही. पहाटे तो उठतो तो 'पापण्या उघडत नाहीत' म्हणत. पुढे गिळता येत नाही, मग श्वास. अशा रोग्याला कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागू शकतं, कारण तंतूची टोकं पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो.

बोट्युलिनम विषाची जागाही तीच. ते तंतूच्या टोकात शिरून स्नॅप-२५ नावाचं प्रथिन कापतं, त्यामुळे रसायन पिशव्यांतून बाहेर पडत नाही. फरक मात्रेचा आणि जागेचा. दोन भुवयांमधल्या आठीसाठी बोटॉक्सची २० युनिटं लागतात. ७० किलोच्या माणसाचा जीव घ्यायला अंदाजे २५०० ते ३००० युनिटं लागतील, असं माकडांवरच्या प्रयोगांवरून मानलं जातं. १०० युनिटांच्या कुपीतून हिशेबानं काढलेलं औषध आणि मरण यांच्यात एवढं अंतर आहे. पण ते अंतर कुपीवर लिहिलंय तेच कुपीत असेल तेव्हाचं. बनावट कुपीत किती युनिटं आहेत, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय कंपनी बदलली की युनिटही बदलतं. त्याच आठीला डिस्पोर्टची ५० युनिटं लागतात. तेव्हा 'युनिटमागे अमुक रुपये, सर्वांत स्वस्त' ही जाहिरात वाचून हुरळण्यात अर्थ नाही.

गुण येतो का? येतो, आणि याबद्दल वाद घालण्यात हशील नाही. अमेरिकेत हे औषध आधी, १९८९ साली, तिरळेपणा आणि पापण्यांच्या पेटक्यांसाठी मान्य झालं. व्हँकुव्हरच्या कॅरदर्स दांपत्यातली पत्नी डोळ्यांची डॉक्टर, पती त्वचेचा. पापण्यांच्या रोग्यांची आठीही जाते, हे त्यांनी हेरलं. २००२ साली आठीसाठी मान्यता मिळाली. २०२१च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या आणि १४,९१९ माणसांची माहिती तपासली गेली. चार आठवड्यांत आठी कमी होते आणि पापणी लोंबण्याचं प्रमाण बहुधा वाढतं, असा निष्कर्ष निघाला. पुन्हा पापणीच! बहुतेकांची ती काही आठवड्यांत पूर्ववत होते. सुरकुतीही तीन-चार महिन्यांत परत येते, कारण तंतूला नवी टोकं फुटतात.

मात्र हे औषध हालचालीनं पडणाऱ्या रेघांवर चालतं. कपाळाला आठ्या घातल्यावर, हसल्यावर, डोळे बारीक केल्यावर ज्या दिसतात त्या. वर्ध्याच्या उन्हात, पारा ४५ अंशांच्या पुढे असताना ज्यांनी वीस-पंचवीस उन्हाळे शेतात काढले, त्या बायकांच्या गालावरचं बारीक जाळं स्नायूनं पाडलेलं नसतं. ते उन्हानं पाडलेलं असतं. तिथे बोट्युलिनमचा फारसा उपयोग नाही. हे आधी न सांगता पैसे घेणारा फसवतोय, एवढं मी बिनदिक्कत म्हणतो.

उन्हाचा आणखी एक मुद्दा आहे. कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. नागपूरहून मे महिन्यात पिशवीत घालून आणलेल्या, लोडशेडिंगमध्ये फ्रिज बंद पडलेल्या कुपीचं काय होतं, याची चौकशी गिऱ्हाईक सहसा करत नाही. फार तर गुण येत नाही आणि पुढच्या खेपेला मात्रा वाढवली जाते.

मला खरी भीती वाटते ती मात्र बोटॉक्सची नाही, फिलरची. नाकाच्या कडेच्या घड्या, ओठ, डोळ्यांखालचे खड्डे भरायला हायलुरॉनिक ॲसिडचा घट्टसर जेल टोचतात. दोन्ही गोष्टी एकाच खुर्चीवर, एकाच पॅकेजमध्ये मिळतात, म्हणून लोक त्यांना सख्ख्या बहिणी समजतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्या भागातली कातडी काळी पडून मरते. कपाळ-नाकाजवळच्या वाहिन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. दाबानं ढकललेला जेल उलटा तिथवर पोचला तर दृष्टी जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातल्या अशा ९८ घटना सापडल्या. सर्वाधिक भुवयांच्या मध्ये आणि त्याखालोखाल नाकावर टोचल्यानंतरच्या. त्यांतल्या जवळपास निम्म्यांत रोग्याचीच चरबी टोचलेली होती. लाखोंनी टोचण्या होतात, तेव्हा प्रमाण नगण्य म्हणता येईल. पण नेत्रपटल रक्ताविना तास-दीड तासच तग धरतं. आर्वी किंवा आष्टीत ही वेळ आली तर सेवाग्रामला पोचण्यातच ती मुदत संपत येईल. हा जेल विरघळवणारं हायलुरॉनिडेज नावाचं विकर असतं. कातडीसाठी ते वेळेवर दिलं तर उपयोगी पडतं, गेलेल्या दृष्टीसाठी त्याची खात्री नाही. टोचणाऱ्याकडे ते त्याच खोलीत तयार आहे का, एवढं विचारलं तरी समोरच्याचा वकूब कळतो.

टोचणार कोण, यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर २०२२मध्येच म्हटलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून असे उपचार सुरू करता येत नाहीत. पाटीवर 'कॉस्मेटोलॉजिस्ट' लिहिलेला प्रत्येक जण त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन नसतो. दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या जिल्ह्यात तरी लग्नाच्या पॅकेजसोबत सुई घेण्याची गरज कुणाला पडू नये.

गांधींचं सेवाग्राम जवळ आहे म्हणून मी सुईच्या विरोधात प्रवचन झोडेन असं कुणाला वाटलं असेल, तर तसं नाही. फेब्रुवारी १९४४मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांसाठी पेनिसिलिन येऊन पोचलं होतं. दर काही तासांनी सुया टोचाव्या लागतील म्हणून गांधींनी ते देऊ दिलं नाही. २२ तारखेला त्या गेल्या. त्यांच्याच नावाच्या रुग्णालयाच्या पंचक्रोशीत सुईला पाप म्हणणं मला तरी जमणार नाही. आठी नको वाटणारी पंचेचाळिशीची बाई स्वतःच्या पैशानं ती घालवत असेल तर इतरांनी नाकं मुरडू नयेत.

माझी तक्रार दुसरीच आहे. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाच्या ताठ पोटऱ्या सैल करायला हेच औषध लागतं. त्याची मात्रा आहे किलोमागे ४ ते ८ युनिटं. १५ किलोच्या पोराला ६० ते १२०, म्हणजे जवळजवळ अख्खी कुपी, आणि काही महिन्यांनी पुन्हा. पक्षाघातानंतर आखडलेल्या हातालाही ते देतात. त्या घरांना हे औषध अस्तित्वात आहे, हेच बहुतेकदा माहीत नसतं. पॅकेजची जाहिरात त्यांच्यासाठी कुणी करत नाही.