बाटलीवरचा चेहरा

आपल्याकडे पोळीबरोबर काकवी घेतात, तसा अमेरिकेत न्याहारीच्या पॅनकेकवर पाक ओततात. मेपल वृक्षाच्या रसाचा अस्सल पाक महाग. म्हणून सर्वसामान्य घरांत मक्यापासून केलेल्या पाकाची बाटली असते. अशाच एका बाटलीवर ‘आंट जेमायमा’ हे नाव आणि एका हसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र अनेक दशके झळकत होते. ताळेबंदात ज्याला आपण ख्यातिमूल्य म्हणतो, त्याचीच ही कथा असल्याने बँकेच्या वाचकांस ती रोचक वाटावी.

१८८९ मध्ये मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ येथे ख्रिस रट आणि चार्ल्स अंडरवूड यांनी पॅनकेकचे तयार पीठ विक्रीस आणले. नाव घेतले ते रंगमंचावरील एका गाण्यातून. गोरे नट तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करीत, अशा खेळांत ते गायिले जाई. लवकरच हा व्यवसाय आर. टी. डेव्हिस यांच्याकडे गेला आणि त्यांनी या नावाला जिवंत चेहरा मिळवून दिला: नॅन्सी ग्रीन. केंटकीत गुलामगिरीत जन्मलेल्या या बाई १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात (याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले) पिठाच्या पिंपाच्या आकाराच्या प्रचंड दालनात पॅनकेक भाजीत आणि मळ्यावरचे जुने दिवस जणू सुखाचेच होते अशा गोष्टी सांगत. लोकांची झुंबड उडे.

नावाला किती मोल आले, ते न्यायालयात दिसले. रिग्नी नावाच्या कंपनीने तेच नाव व चित्र लावून पाक विकावयास घेतला. पीठ वेगळे, पाक वेगळा, हा तिचा बचाव. परंतु दोन्ही वस्तू एकाच ताटात येतात, ग्राहक त्या एकाच उत्पादकाच्या समजेल, असे म्हणत १९१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने पीठवाल्यांच्या बाजूने निर्णय दिला. व्यापारचिन्हांच्या कायद्यात तो आजही उद्धृत होतो. पुढे क्वेकर ओट्सने हे नाव विकत घेतले व १९६६ मध्ये स्वतःचा पाक बाजारात आणला.

१९८९ मध्ये चित्रातील डोक्याचा रुमाल जाऊन कानांत मोती आले. अखेर जून २०२० मध्ये, नावाचे मूळ वांशिक साच्यात असल्याचे मान्य करून, कंपनीने ते मागे घेण्याचे जाहीर केले. २०२१ पासून बाटलीवर ‘पर्ल मिलिंग कंपनी’ असे, रट-अंडरवूड यांच्या मूळ गिरणीचे नाव आहे.

नॅन्सी ग्रीन १९२३ मध्ये शिकागोत मोटार अपघातात वारल्या. तेथील ओक वूड्स दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड बसला, तो २०२० साली.