जन्मठेपेची मुदत : १४ कीं २० वर्षें?

जुन्या फौजदारी निकालपत्रांत खुनाच्या गुन्ह्यापुढें ‘जन्मठेप’ हा शब्द वारंवार आढळतो. सूची करतांना कोणी त्यापुढें १४ वर्षें लिहितो, कोणी २०. हे दोन्ही आंकडे कायद्यांत आहेत खरे. पण १९७८ पूर्वीं त्यांपैकीं एकही खुनाच्या शिक्षेची किमान मुदत नव्हता, हें येथें दाखवावयाचें आहे.

भारतीय दंडविधान १ जानेवारी १८६२ रोजीं अंमलांत आलें. त्याच्या ३०२ व्या कलमानें खुनास देहान्त किंवा जन्मठेप काळें पाणी, व शिवाय दंड, अशी शिक्षा सांगितली. ५७ व्या कलमांतील २० वर्षें केवळ शिक्षेचा अर्धा वा चौथा हिस्सा काढण्याकरितां धरलेलीं होत. ५५ व्या कलमांतील १४ वर्षें ही, सरकारनें जन्मठेप बदलून साधी वा सक्त कैद दिल्यास, तिची कमाल मर्यादा होय. किमान मर्यादा कोठेंच नव्हती. सुटका सरकारच्या मर्जीवर व माफीच्या नियमांवर अवलंबून असे. १ जानेवारी १९५६ पासून काळें पाणी जाऊन त्या जागीं आजन्म कारावास आला. माफीचे दिवस धरून २० वर्षें भरलीं, असा दावा गोपाळ विनायक गोडसे यांनीं केला असतां, जन्मठेप म्हणजे उरलेलें सर्व आयुष्य, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं दिला.

१८ डिसेंबर १९७८ पासून मात्र पालट झाला. देहान्तास पात्र अशा गुन्ह्यांत जन्मठेप झालेला कैदी प्रत्यक्ष १४ वर्षें भोगल्यावांचून सोडूं नये, असें फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ कलमानें ठरविलें. जो आंकडा पूर्वीं कमाल होता, तोच किमान झाला. या तारखेपूर्वीं दोषी ठरलेल्यांस हें बंधन लागू नाहीं, व राष्ट्रपति आणि राज्यपाल यांच्या क्षमाधिकारासही त्यानें बाध येत नाहीं, असें १९८० सालीं ठरलें. पुढें २००८ च्या व घटनापीठाच्या २०१५ च्या निर्णयांनीं, देहान्ताऐवजीं १४ वर्षांहून अधिक मुदत बांधून देण्याचा अधिकार उच्च व सर्वोच्च न्यायालयांस मान्य झाला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या संहितांतही १४ वर्षांचें बंधन कायम आहे.

सबब संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, निकालपत्राच्या सूचींत वर्षांचा आंकडा पदरचा घालूं नये. मूळ शब्द व दोषी ठरविल्याची तारीख तेवढी जशीच्या तशी नोंदावी. कैदी किती वर्षें आंत राहिला, हें निकालपत्र सांगत नाहीं. तें सुटकेचा हुकूमच सांगतो. म्हणून तो कागद हातीं आल्यास, किरकोळ समजून टाकूं नये.