वर्गात सगळ्यात मोठ्या तुम्हीच? मग आधी ओळख करून घ्या

चाळिशीत पुन्हा कॉलेजला जाणाऱ्या बाया आता आपल्या वस्त्यांत दिसू लागल्या आहेत. कुणी अंगणवाडीचं काम सांभाळून बी.ए. करते, कुणी मुलांची लग्नं उरकल्यावर राहिलेलं शिक्षण पुरं करते. नोकरी करून शिकणं आपल्याला नवं नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात नोकरदार तरुण सकाळी वर्गात बसत आणि तिथून कामावर जात. मी स्वतः नर्सिंगच्या डिप्लोम्यावर बरीच वर्षं वॉर्डात काढली, आणि आता बी.एस.डब्ल्यू.च्या वर्गात बसते. फी भरली का, अभ्यास झाला का, हे सगळेच विचारतात. वर्गात तुमच्याशी बोलतं कोण, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न आरोग्याचा आहे. जगात दर सहा माणसांतलं एक माणूस एकटेपणाने त्रस्त आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे. एकटेपणा फार दिवस राहिला तर हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि नैराश्याचा धोका वाढतो. साठ मुलांनी भरलेल्या वर्गातही बाई एकटी असू शकते. कॉलेजच्या दिवशी सकाळी पोटात गोळा येणं, झोप उडणं, जेवण नकोसं होणं, ही त्याची लक्षणं. अशा बाया नापास व्हायच्या आधीच कॉलेज सोडतात.

पण सगळा दोष मनाला देऊ नका. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसतं, पाळी जायच्या काळात अंगातून वाफा येतात, रक्त कमी असलं की दुपारच्या तासाला डोळे मिटतात. डोळे, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब सरकारी दवाखान्यात तपासून घ्या.

आता मैत्रीचं. मुलं गर्विष्ठ नसतात, बिचकतात. तुम्हाला मॅडम म्हणावं की काकू, हेच त्यांना कळत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात सांगून टाका, ‘मला ताई म्हणा.’ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर घालायला सांगा, नाहीतर तास रद्द झाल्याचं तुम्हाला फाटकावर कळेल. रोज एकाच बाकावर बसा, शेजारचे चेहरे आपोआप ओळखीचे होतात.

देवाणघेवाण ठेवा. पीडीएफ कशी बनवायची ते त्यांच्याकडून शिका. दाखल्यासाठी तहसीलला कुठले कागद लागतात, ताप आला तर काय करायचं, ते तुम्ही सांगा. मात्र त्यांची आई होऊ नका. लग्न कधी, कपडे असे का, रात्री कुठे होतीस, हे विचारलंत की मुलं दुरावतात. एखादीने मन मोकळं केलं तर ते तिच्या घरी पोचवू नका.

प्रत्येक वाढदिवसाला जायलाच हवं असंही नाही. ‘संध्याकाळी जमणार नाही, दुपारी चहाला येते,’ एवढं पुरतं. आडनाव विचारून कुणी सूर बदलला, तर गप्प बसून आजारी पडू नका. तारीख लिहून ठेवा, विश्वासातल्या प्राध्यापकांना सांगा आणि कॉलेजच्या तक्रार समितीकडे लेखी द्या.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि दिवसरात्र कधीही फोन करता येतो.

शेवटी घरच्यांना सांगणं. कॉलेज सुटल्यावर तिला अर्धा तास उशीर झाला तर दारात उभं राहून जाब विचारू नका. ती कँटीनमध्ये चहा घेत असेल आणि चुकलेल्या तासाच्या नोट्स उतरवून घेत असेल. तेवढा वेळ कुकर तुम्ही लावा.