शोपेनहाउअर सोसायटी आणि मुंबईचे एक व्याख्यान

जर्मन तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहाउअर 1860 मध्ये फ्रँकफर्टला वारला. त्याच्या विचारांचा अभ्यास करणारी शोपेनहाउअर सोसायटी मात्र 1911 मध्ये उभी राहिली, आणि ती उभी करणारा माणूस संस्कृतचा पंडित होता. पाउल डॉयसन हे कील विद्यापीठातले प्राध्यापक. साठ उपनिषदांचे त्यांनी केलेले जर्मन भाषांतर 1897 मध्ये निघाले.

हा योगायोग नव्हे. शोपेनहाउअरला उपनिषदे भेटली ती फार लांबच्या वाटेने. मुघल शहजादा दारा शुकोहने 1657 मध्ये त्यांचा फारसी अनुवाद करवला, त्यावरून आंकतील द्युपेरों या फ्रेंच विद्वानाने लॅटिन भाषांतर केले. अनुवादाचा अनुवाद, तरी शोपेनहाउअरने तो ग्रंथ जन्मभर जवळ बाळगला. त्याच्या कुत्र्याचे नावसुद्धा ‘आत्मा’ होते!

तो आडवळणाचा रस्ता डॉयसननी सरळ केला. त्यांनी मूळ संस्कृत गाठले. भारतात आले असताना 25 फेब्रुवारी 1893 रोजी त्यांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे वेदान्तावर व्याख्यान दिले आणि त्यात कांट व शोपेनहाउअर यांच्याशी वेदान्ताचे नाते उलगडून दाखवले. मला शोपेनहाउअर सोसायटीचे बीज त्या व्याख्यानातच दिसते.

1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत डॉयसनच अध्यक्ष होते. संस्थेचे वार्षिक 1912 पासून निघते. त्यात जगभरचे अभ्यासक लिहितात. मुंबईत एशियाटिक सोसायटी जिथे आहे त्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढाल, तेव्हा डॉयसनची आठवण जरूर काढा.