मॅन्युएल फ्रिडरिक : माइन्झ ते मुंबई

आघाडीवीराची किंमत गोलसंख्येवरून ठरते. बचावपटूची किंमत मात्र त्याची जागा रिकामी पडल्यावर कळते. जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंडला नोव्हेंबर २०१३ मध्ये याचा प्रत्यय आला. वोल्फ्सबर्गविरुद्धच्या सामन्यात नेव्हन सुबोटिचच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. दहा दिवसांनी जर्मनीकडून इंग्लंडविरुद्ध खेळताना मॅट्स हुमेल्सही जायबंदी झाला. बचावफळीच्या मधल्या दोन्ही जागा रिकाम्या आणि चारच दिवसांवर बायर्न म्युनिकशी लढत. खेळाडूंच्या खरेदीची मुदत संपल्याने केवळ करारमुक्त खेळाडूच घेता येणार होता. प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी ३४ वर्षांच्या मॅन्युएल फ्रिडरिकला करारबद्ध केले. उन्हाळ्यात लेव्हरकुसेनशी करार संपल्यापासून तो संघाविना होता.

या निवडीचे मूळ माइन्झमध्ये आहे. बाड क्रॉइझनाख येथे १९७९ मध्ये जन्मलेला फ्रिडरिक याच परिसरातील माइन्झ संघातून पुढे आला. क्लॉप २००१ मध्ये तेथे प्रशिक्षक झाले. वेर्डर ब्रेमेनमधील एका हंगामाचा अपवाद वगळता २००७ पर्यंत तो माइन्झकडूनच खेळला. सलग दोन वर्षे बढतीची संधी थोडक्यात हुकल्यावर २००४ मध्ये या संघाने प्रथमच बुंदेसलिगात पाऊल ठेवले. २००६ मध्ये फ्रिडरिकने जर्मनीकडून पदार्पण केले आणि सॅन मरिनोविरुद्धच्या १३-० विजयात गोलही नोंदवला. राष्ट्रीय संघाकडून तो नऊ सामने खेळला.

२००७ मध्ये माइन्झची घसरण झाल्यावर तो लेव्हरकुसेनकडे गेला. तेथील सहा वर्षांत २००९-१० च्या हंगामाचा विशेष उल्लेख करावा लागेल. त्या वर्षी लेव्हरकुसेन लीगच्या पहिल्या २४ सामन्यांत अपराजित राहिला.

क्लॉप यांच्या पद्धतीत संपूर्ण संघ पुढे सरकून चेंडू हिसकावतो. त्यामुळे मागे मोकळे मैदान उरते. पुढे कधी सरकायचे आणि माघार कधी घ्यायची, हे मधल्या बचावपटूला क्षणात ठरवावे लागते. नवख्याला ही जाण येण्यास काही महिने लागतात. फ्रिडरिकने ती माइन्झमध्येच आत्मसात केली होती. बायर्नविरुद्ध तो थेट सुरुवातीपासून मैदानात उतरला. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. अखेरीस डॉर्टमुंडला ०-३ असा पराभव पत्करावा लागला. मात्र एप्रिल २०१४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रियल माद्रिदला २-० असे नमवणाऱ्या संघात हुमेल्सच्या साथीला फ्रिडरिक होता. पहिल्या लढतीतील ०-३ पराभवामुळे डॉर्टमुंडचे आव्हान संपुष्टात आले, तरी त्या रात्री रियलला एकही गोल करता आला नाही.

त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि फ्रिडरिक मुंबई सिटीकडून खेळण्यासाठी भारतात आला. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम हे संघाचे घरचे मैदान होते. कोलकात्यात सलामीलाच ०-३ अशी हार पत्करलेल्या मुंबईने पुढे पुण्याचा ५-० असा धुव्वा उडवला. तरीही आठ संघांत त्यांना सातव्या स्थानावर समाधान मानावे लागले. झिको यांच्या मार्गदर्शनाखालील एफसी गोवा साखळीत दुसरा आला.

फ्रिडरिकच्या नावावर बुंदेसलिगाचे विजेतेपद नाही. मात्र संघ अडचणीत सापडला असताना प्रशिक्षकाला दहा वर्षांपूर्वीचा आपला बचावपटू आठवावा, हा मानही लहान नव्हे.